मरगळलेल्या शहरात नवी घरं नेमकी कुठे बांधावीत

कारखाने बंद होत आले आहेत, तरुण बाहेर चालले आहेत, आणि तरीही त्याच शहरात कितीतरी कुटुंबं गळक्या छपराखाली किंवा एका खोलीत दोन संसार मांडून राहतात. अशा ठिकाणी घरबांधणीसाठी पैसा आला की नजर जाते ती शहराबाहेरच्या मोकळ्या, स्वस्त आणि एकाच मालकाच्या जमिनीकडे. मोजणी सोपी, वाद कमी, काम झपाट्यानं होतं. पण दीर्घकाळात हीच निवड सर्वांत महाग पडते.

वाढत्या शहरात एखादी वसाहत दूर बांधली तर दहा-पंधरा वर्षांत शहरच तिथवर पोचतं आणि चूक झाकली जाते. मंदावलेलं शहर तिथवर पोचत नाही. बस सुरू होत नाही, दुकान उघडत नाही, शाळेचा वर्ग भरत नाही. शिवाय मागणी इतकी तोकडी असते की बाहेर बांधलेलं प्रत्येक घर आतल्या एखाद्या घरातलं माणूस उचलून नेतं. म्हणून इथे जागेची निवड ही घराच्या आराखड्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त वेळ देण्याची गोष्ट आहे. पुढची पद्धत नगरपालिका, सहकारी गृहनिर्माण संस्था किंवा स्वयंसेवी संस्था, कुणालाही वापरता येईल.

आधी आकडा: किती घरं, कुणासाठी

लोकसंख्या घटते आहे म्हणजे घरं नकोत, असा निष्कर्ष लगेच काढू नका. कुटुंबं लहान होत जातात, त्यामुळे माणसं कमी झाली तरी चुली वाढू शकतात. एक कल्पित हिशेब घ्या. दहा वर्षांपूर्वी ६०,००० लोक, कुटुंबात सरासरी ४.८ माणसं, म्हणजे १२,५०० कुटुंबं. आज ५७,००० लोक, सरासरी ३.८, म्हणजे १५,००० कुटुंबं. तीन हजार माणसं गेली आणि अडीच हजार कुटुंबं वाढली.

आता उलट बाजू. शहरात एकूण घरं १६,२००, त्यांपैकी रिकामी १,८००. म्हणजे वापरातली घरं १४,४०० आणि कुटुंबं १५,०००. याचा अर्थ ६०० कुटुंबं दुसऱ्याच्या घरात सामावून राहतात. आणखी ४०० कुटुंबांची घरं राहण्यालायक नाहीत. गरज झाली १,००० घरांची. रिकाम्या १,८०० पैकी ५०० भाडेकरू बदलताना किंवा विक्रीच्या दरम्यान रिकामी असतात, ती सोडून द्या. एवढी फट बाजारात लागतेच. ७०० धोकादायक आहेत. उरलेली ६०० मर्यादित खर्चात दुरुस्त होतील. म्हणजे खरी नवी घरं लागतात ४००, दहा वर्षांत, वर्षाला ४०. अडीच हजारांची वसाहत मनात घेऊन सुरुवात करणं आणि वर्षाला ४० घरांची जागा शोधणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

रिकामी घरं मोजायला जनगणनेवर विसंबू नका. ती मंदावलेल्या शहरात लवकर जुनी होते. सलग तीन महिने वीज किंवा पाण्याचा वापर नगण्य असलेली जोडणी शोधा आणि ती यादी हातात घेऊन गल्लीत फिरा. वीज तोडलेली पण माणसं राहत असलेली घरंही सापडतील, आणि मीटर फिरतं पण फक्त गोदाम म्हणून वापर होतो अशीही. दोन्ही नोंदवा. अमेरिकेत यासाठी टपाल खात्याच्या नोंदी वापरतात: ज्या पत्त्यावर टपाल जाणं थांबलं, तो पत्ता रिकामा असण्याची शक्यता मोठी.

दुरुस्तीची मर्यादाही आधीच ठरवून घ्या. नव्या घराचा खर्च १०० धरला तर ६० पर्यंतच्या खर्चात पाया, छप्पर आणि नळ-गटार नीट होत असेल तर दुरुस्ती; ७५च्या वर गेली तर सहसा पाडणं बरं. मधला पट्टा घर कुठे आहे यावर ठरवावा. चांगल्या गल्लीतलं कोपऱ्याचं घर ७५ लागले तरी वाचवण्यासारखं असतं, कारण ते कोसळलं की शेजारच्या दहा घरांची किंमत खाली येते.

टिकणारा रोजगार कुठे आहे

नकाशावर आजचे रोजगार मांडणं पुरत नाही. प्रत्येक ठिकाणाबद्दल विचारा: हे दहा वर्षांनी इथे असेल का? रुग्णालय, महाविद्यालय, सरकारी कार्यालयं, घाऊक बाजार, रेल्वे जंक्शन ही ठिकाणं सहसा हलत नाहीत. एका मालकाच्या एका कारखान्याचं तसं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं यंग्सटाउन हे पोलादाचं शहर. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तिथल्या एका मोठ्या पोलाद कारखान्याचा मुख्य भाग बंद करण्याची घोषणा झाली आणि मागोमाग इतर गिरण्याही गेल्या. १९३०मध्ये १ लाख ७० हजार लोकसंख्या असलेलं ते शहर २०२०च्या जनगणनेत ६० हजारांवर आलं. कारखान्याला खेटून बांधलेल्या वस्त्यांना सर्वांत आधी झळ बसली.

म्हणून नव्या कारखान्याच्या फाटकाजवळ वसाहत बांधण्याचा मोह आवरा. एखाद्या जागेपासून पोचता येणाऱ्या नोकऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त एकाच मालकाकडे असतील तर ती जागा लाल शाईनं मांडा. एक व्यावहारिक कारण आणखी आहे. अडचणीतल्या अर्थव्यवस्थेत माणसं नोकऱ्या वारंवार बदलतात, आणि घरातली दोन कमावती माणसं दोन दिशांना जातात. त्यामुळे एका ठिकाणाच्या अगदी जवळ असण्यापेक्षा चार-पाच ठिकाणांच्या आवाक्यात असणं जास्त मोलाचं.

हा आवाका मिनिटांत मोजा, किलोमीटरमध्ये नाही. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत: थांब्यापर्यंत चालणं, थांबणं, प्रवास, गाडी बदलणं, पुन्हा चालणं. चालण्याचा वेग मिनिटाला ८० मीटर धरा. ४०० मीटर म्हणजे ५ मिनिटं. दर तासाला एक बस असेल तर वेळापत्रक कितीही पाठ असलं तरी थांबण्याची १५-२० मिनिटं धरावी लागतात. ४५ मिनिटांत गाठता येणारे रोजगार प्रत्येक जागेसाठी मोजा आणि हीच मोजणी पहाटेच्या व रात्रीच्या शिफ्टसाठी पुन्हा करा. दुपारी ४५ मिनिटांत असणारं रुग्णालय रात्री ११ला सुटणाऱ्या परिचारिकेसाठी दोन तासांवर असू शकतं. अनेक अहवाल फक्त सकाळच्या गर्दीची वेळ धरतात आणि सफाई, सुरक्षा, रुग्णसेवा असल्या कामांतली माणसं हिशेबातून गळतात. स्वस्त घरांची गरज तर त्यांनाच असते.

घरभाडं आणि प्रवास हे दोन खर्च एकत्र बघा. घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त जाऊ नये हा जुना दंडक. शिकागोच्या 'सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी' या संस्थेनं घर अधिक प्रवास मिळून ४५ टक्के अशी मर्यादा मांडली. समजा उत्पन्न १००: शहरात भाडं २८ आणि प्रवास ८, एकूण ३६, बाहेर भाडं २० आणि प्रवास २२, एकूण ४२. भाड्याचा आकडा बघून बाहेरचं घर स्वस्त वाटतं, आणि सहा महिन्यांनी तेच कुटुंब भाडं थकवायला लागतं.

बाद करण्याच्या जागा

गुण देण्याआधी गाळणी लावा. शहराच्या आत मोकळी पडलेली जमीन बऱ्याचदा काही कारणानंच मोकळी पडलेली असते, ते कारण शोधा.

पूर: नदीची पूररेषा बघाच, पण नकाशावर न दिसणारं साचणारं पाणी शेजाऱ्यांना विचारा. जोराच्या पावसानंतर ४८ तासांत जागेवर जाऊन पाणी कुठे उभं आहे ते बघा. उतार ५ टक्क्यांपर्यंत सोयीचा. १०च्या वर गेला की संरक्षक भिंती, पायऱ्या आणि भरावाचा खर्च चढत जातो, आणि १५च्या पलीकडे स्वस्त घरांचा विचार सोडून द्यावा.

माती: चारही कोपऱ्यांत आणि मध्ये २ ते ३ मीटर खोल खड्डे घेऊन बघा. विटांचे तुकडे, राख, कचरा लागला तर तो भराव आहे, आणि भराव असमान खचतो: घराची एक बाजू बसते, दुसरी बसत नाही आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. पाण्यानं फुगणारी व उन्हात आकसणारी चिकट माती असेल तर पायाचा खर्च वेगळा काढा. हे खड्डे खरेदीआधी घ्यायचे असतात. नंतर घेतले तर ते फक्त वाईट बातमी देतात.

जुना वापर: मंदावलेल्या औद्योगिक शहरात या मुद्द्यावर सर्वांत जास्त घसरण होते. कातडी कमावणं, रंगकाम, धातूचा मुलामा, इंधनाचा साठा, बॅटरीचं काम, यांपैकी काही तिथे झालं असेल तर शिसं, क्रोमियम, तेल किंवा द्रावकं मातीत आणि भूजलात असू शकतात. तपासणी दोन टप्प्यांत करतात. पहिला कागदाचा: जुने नकाशे, परवाने, हवाई छायाचित्रं, निवृत्त कामगारांशी बोलणं. त्यातून संशय आला तरच दुसरा: मातीचे आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत. पहिला टप्पा स्वस्त असतो आणि तो कुठल्याही जागेसाठी वगळू नये. दूषित जमीन घरांसाठी सोडावी लागली तरी गोदाम, वाहनतळ, सौर पटल यांसाठी तिचा उपयोग होतो.

मालकी: किमान ३० वर्षांचे व्यवहार तपासा. वारसांची नावं, बँकेचा बोजा, कराची थकबाकी, अतिक्रमण, वहिवाटीची पायवाट. रिकाम्या घरांच्या बाबतीत मालक मरण पावलेला आणि पाच वारस पाच गावांत हे चित्र नेहमीचं आहे. अशा भूखंडाला दोन वर्षं सहज लागतात, म्हणून तो बाद न करता पुढच्या टप्प्यात ढकला. आणि लगेच विकत घेऊ नका: थोडा विसार देऊन १२ ते १८ महिन्यांचा करार करा, त्या मुदतीत सगळ्या तपासण्या उरका.

जमिनीखालचं जाळं

रस्ता, पाणी, मलवाहिनी, पावसाळी गटार, दिवे. हे सगळं मीटरमध्ये मोजायचं आणि प्रत्येक घराच्या वाट्याला किती मीटर येतात ते काढायचं. भूखंडाची रस्त्याकडची रुंदी ६ मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असतील तर एका घराच्या वाट्याला ३ मीटर रस्ता येतो. रुंदी १५ मीटर केली तर साडेसात. आता शहराच्या मलवाहिनीच्या शेवटच्या चेंबरपासून १.८ किलोमीटर दूर ६० घरांची वसाहत घ्या: नुसत्या जोडरस्त्याचेच घरटी ३० मीटर झाले, वसाहतीच्या आतले ३ वेगळे. म्हणजे ३३ मीटर. जुन्या गल्लीतल्या मोकळ्या भूखंडावर घर बांधलं तर नवं जाळं जवळपास शून्य. आणि हे ३३ मीटर एकदाच लागत नाहीत. दिवे बदलायचे, खड्डे बुजवायचे, कचरागाडी रोज न्यायची, ३०-५० वर्षांनी नळ बदलायचे. तो खर्च घटत्या करदात्यांवर पडतो. जमीन स्वस्त मिळाली हे समाधान तिथेच विरतं.

आतल्या भागांतही वाहिन्यांची क्षमता गृहीत धरू नका, मोजा. पाण्याचा दाब गर्दीच्या वेळी, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला मोजावा. एका मजल्यासाठी सुमारे ७ मीटर, दोन मजल्यांसाठी १२, तीन मजल्यांसाठी १७ मीटर इतका दाब लागतो (हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात). मलवाहिनीसाठी जवळच्या चेंबरच्या तळाची पातळी घ्या. १५० मिलिमीटरची नळी १:१०० उतारानं १२० मीटर न्यायची असेल तर १.२ मीटर उतार हवा. नळी सुरुवातीलाच ०.९ मीटर खोल धरली तर चेंबरचा तळ भूखंडाच्या पातळीपेक्षा किमान २.१ मीटर खाली असला पाहिजे. नसेल तर पंप आला, आणि पंप आला की वीजबिल, बिघाड आणि पावसाळ्यात घरात उलटणारं सांडपाणी आलं.

मंदावलेल्या शहराची एक उलटी अडचण असते आणि ती बाहेरच्या तज्ज्ञांच्याही लक्षात येत नाही. वाहिन्या जास्त लोकांसाठी घातलेल्या असतात. वापर घटला की मलवाहिनीतला वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जातो, गाळ बसतो, नळ्या तुंबतात. पिण्याचं पाणी नळ्यांत जास्त वेळ पडून राहतं आणि त्यातला क्लोरीन उडून जातो. पूर्व जर्मनीतल्या शहरांना लोक निघून गेल्यावर वाहिन्या मुद्दाम धुवून काढाव्या लागल्या. तेव्हा अर्धवट रिकाम्या पण सुस्थितीतल्या भागात घरं भरली तर नवा खर्च वाचतोच, शिवाय जुनं जाळं पुन्हा नीट चालायला लागतं. अशा वाहिन्या अभियंत्यांकडून नकाशावर वेगळ्या रंगात मागून घ्या. जागेच्या शोधाला त्यातून सर्वांत चांगली दिशा मिळते.

गल्लीची नाडी

वॉर्ड किंवा प्रभाग हे एकक फार मोठं आहे. एकाच प्रभागात एक गल्ली नांदती आणि तिसरी ओस असते. वीस ते तीस घरांचा तुकडा धरा आणि प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लिहा: रिकामी घरं किती टक्के, गेल्या तीन वर्षांत किती विकली गेली व कोणत्या भावानं, कराची थकबाकी किती, आणि मालक स्वतः राहतात की नाही. फिलाडेल्फियात २००१पासून रीइन्व्हेस्टमेंट फंड या संस्थेनं अशाच प्रकारे तुकड्या-तुकड्यांचं वर्गीकरण केलं आणि नंतर ती पद्धत अनेक शहरांनी उचलली.

ढोबळ वर्गवारी अशी ठेवता येते: ८ टक्क्यांपर्यंत रिकामी असतील तर गल्ली भक्कम, ८ ते २० मधली, २०च्या वर खचलेली. भक्कम गल्लीला तुमच्या पैशाची गरज नसते. खचलेल्या गल्लीत पाच नवी घरं बांधली तर ती पाचही एकटी पडतात, शेजारचा ओसाडपणा त्यांची किंमत खेचतो आणि पहिल्या संधीला लोक निघून जातात. परिणाम दिसतो तो मधल्या गल्लीत, त्यातही जी भक्कम गल्लीला लागून आहे तिच्यात. तिथे चार मोकळे भूखंड भरले आणि तीन घरं दुरुस्त केली की शेजारी स्वतःच्या खर्चानं घराला रंग देतात, बँक कर्ज द्यायला तयार होते.

पैसा विखुरण्याचा दबाव प्रचंड असतो. प्रत्येक लोकप्रतिनिधीला आपल्या भागात चार घरं हवी असतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरानं १९९०च्या दशकाच्या अखेरीस उलट धोरण घेतलं: सात वस्त्या निवडल्या आणि त्यांच्यातही ६ ते १२ ब्लॉकच्या (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा तुकडा) छोट्या पट्ट्यांत निधी एकवटला. त्या पट्ट्यांतल्या किमती शहराच्या सरासरीपेक्षा वेगानं वाढल्या. निवडीचे निकष आकड्यांसह जाहीर केल्यामुळे उरलेल्या वस्त्यांना निदान आपण का मागे राहिलो हे कळलं. तुम्हीही निकष आधी जाहीर करा, जागा नंतर. उलट क्रमानं केलं तर निकष जागेला जुळवून घेतले असं लोक म्हणतील, आणि ते चूक नसेल.

खचलेल्या गल्लीतल्या माणसांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हे लेखी ठरवून घ्या. तिथे नवी घरं नकोत; पण पाणी, दिवे, कचरा, धोकादायक घरं उतरवणं हे चालू राहिलंच पाहिजे. मोकळे भूखंड शेजारच्या घरमालकाला नाममात्र रकमेत द्या. मिशिगन राज्यात फ्लिंट शहर ज्या जेनेसी काउंटीत आहे, तिथली लँड बँक (रिकामे भूखंड ताब्यात घेऊन सांभाळणारी सार्वजनिक संस्था) हेच करत आली आहे. भूखंड सांभाळला जातो आणि राहणाऱ्याला अंगण मिळतं. ज्याला हलायचं आहे त्याला नव्या घरांत पहिला हक्क द्या, पण जबरदस्ती करू नका. इंग्लंडमध्ये २००२ साली सुरू झालेला घरबाजार-पुनरुज्जीवनाचा सरकारी कार्यक्रम २०११मध्ये निधी थांबल्यानं मध्येच बंद पडला. लोकांना हलवून घरं रिकामी केलेल्या, पण ना पाडलेल्या ना बांधलेल्या गल्ल्या तशाच राहिल्या. पैसा हातात आल्याशिवाय कुणाचं घर रिकामं करून घेऊ नये, हा त्यातून घ्यायचा नियम.

खर्च आणि किंमत यांतली दरी

अशा शहरात बहुतेक ठिकाणी नवं घर बांधायला लागतात १०० आणि विकलं जातं ७०ला. खाजगी बिल्डर म्हणूनच येत नाही. एडवर्ड ग्लेझर आणि जोसेफ ग्योर्को या अर्थतज्ज्ञांनी २००५मध्ये याचं कारण नीट मांडलं: घर दशकानुदशकं टिकतं, त्यामुळे मागणी गेली तरी घरं तिथेच राहतात आणि किंमत बांधकाम खर्चाच्या खाली घसरते. ही दरी अनुदानानं भरावी लागते, म्हणून ती प्रत्येक जागेसाठी वेगळी काढा. हातात ३,००० एकक निधी असेल तर दरी २० असलेल्या जागी १५० घरं होतात, दरी ५० असलेल्या जागी ६०.

मात्र फक्त कमी दरी बघत गेलात तर सगळी घरं भक्कम गल्लीत जातील, जिथे ती तुमच्याविनाही होणार होती. दरीची एक वरची मर्यादा ठरवा, समजा ३५, आणि तिच्या आत असलेल्या जागांमधून गल्लीच्या निकषावर निवडा. जमिनीचा भाव वेगळा निकष म्हणून मांडू नका. तो आणि जोडरस्ता, पाया, सफाई हे सगळं मिळून एकच आकडा करा. वेगळा मांडला की स्वस्त जमिनीला दोनदा गुण मिळतात.

नवं घर भरताना कुठलं तरी जुनं घर रिकामं होतं. त्या घरात कुणी आलं तर त्याचं जुनं रिकामं होतं. ही साखळी शेवटी सर्वांत दुबळ्या गल्लीत जाऊन थांबते. पहिल्या ४० वाटपांत प्रत्येक कुटुंबाला विचारा: आधी कुठे राहत होता, तिथे आता कोण आहे? उत्तरं नकाशावर मांडली की पुढचं ओसाड घर कुठे तयार होणार ते दिसतं. दुरुस्ती आणि पाडकामासाठी निधीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा, तो इथे वापरायचा.

बाहेरचीच जागा घ्यावी लागली तर

कधीकधी आत खरोखर जागा नसते. मग सीमा आखा. मेक्सिकोत सरकारी गृहकर्जांवर शहरांपासून दूर प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या आणि २०१०च्या जनगणनेत देशात जवळपास ५० लाख घरं रिकामी आढळली. त्यानंतर तिथे शहरांभोवती तीन पट्टे आखले: पहिला रोजगाराजवळचा, दुसरा जिथे पाणी आणि मलवाहिनी बहुतांश घरांना पोचलेली आहे असा, तिसरा लगतचा. अनुदान या पट्ट्यांना बांधलं, पलीकडे नाही. जपाननं २०१४मध्ये कायद्यात बदल करून शहरांना घरांचे आणि सेवांचे पट्टे आखण्याची सोय केली. तोयामा शहर त्याआधीपासूनच मध्यभागात आणि ट्राम-बसच्या मार्गांलगत घर घेणाऱ्यांना मदत देत आलं आहे. तुमचा तिसरा पट्टा आखताना नियम साधा ठेवा: भूखंडाची किमान एक बाजू वसलेल्या भागाला लागून हवी, शेवटचं चेंबर २०० मीटरच्या आत हवं, आणि दिवसभर दर अर्ध्या तासाला धावणारा थांबा ५०० मीटरमध्ये आज अस्तित्वात हवा. 'बस सुरू होणार आहे' हे आश्वासन शून्य गुणाचं.

गुण देणं आणि फसणं

गाळणीतून उरलेल्या जागांना १०० पैकी गुण द्या. आमचं मोजमाप: टिकाऊ रोजगाराचा आवाका ३०, जाळ्याची उपलब्ध क्षमता २५, गल्लीची स्थिती २०, चालत गाठता येणारी शाळा, दवाखाना व रोजचं दुकान १५, मालकीची तयारी १०. मग प्रत्येक भार १० गुणांनी वरखाली करून बघा. पहिल्या तीन जागा त्याच राहिल्या तर निर्णय पक्का; क्रम उलटापालटा झाला तर त्या जागांमध्ये खरा फरक नाही, लोकांना विचारून ठरवा.

विचारतानाही 'तुम्हाला कुठे आवडेल?' असं मोघम विचारू नका. तीन जागा, प्रत्येकीचा भाडं अधिक प्रवास असा महिन्याचा आकडा आणि पहाटेच्या शिफ्टला लागणारी मिनिटं कागदावर लिहून समोर ठेवा. बायकांची बैठक वेगळी घ्या. अंधारात थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता कसा आहे हे बहुधा तिथेच कळतं. अंतिम यादीतली प्रत्येक जागा रात्री एकदा आणि पावसात एकदा चालून बघावीच.

किती, केव्हा, आणि थांबायचं कधी

वर्षाला ४० घरं लागत असतील तर दोन किंवा तीन ठिकाणी १२ ते १५चे गट करा, एकाला लागून एक. त्या पट्ट्यात वर्षाला जेवढी घरं विकली किंवा भाड्यानं जातात, त्याच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नवी घरं एका वर्षात उतरवू नका. त्यापुढे जुन्या घरांचे भाव पडायला लागतात, आणि ते घर हीच अनेकांची आयुष्यभराची पुंजी असते. बांधकामातून मिळणारा रोजगार हे घाई करण्याचं कारण मानू नका. तो शेवटच्या गिलाव्याबरोबर संपतो. वर्षाला ४० घरं दहा वर्षं बांधली तर तेच गवंडी आणि प्लंबर शहरात टिकतात, ४०० एकदम बांधली तर बाहेरची टोळी येऊन जाते.

थांबण्याचा नियम आधी लिहून ठेवा: तयार झाल्यापासून सहा महिन्यांनीही गटातली एक तृतीयांश घरं रिकामीच राहिली तर पुढचा गट थांबवा आणि कारण शोधा. भाव जास्त आहे का, कर्ज मिळत नाही का, की जागाच नको आहे. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

जमीन सगळी एकदम विकून टाकू नका, आणि पाडतानाही हात आखडता घ्या. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरानं १९८९नंतरच्या दशकात जवळपास एक लाख लोक गमावले. २०००च्या सुमारास तिथे ६० हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. तरीही जुन्या इमारतींपैकी बऱ्याच टिकवल्या गेल्या, काहींमध्ये देखभालीच्या बदल्यात नाममात्र खर्चात लोकांना राहू दिलं. पुढे शहर पुन्हा वाढलं, २०२०पर्यंत लोकसंख्या सहा लाखांच्या घरात गेली आणि त्याच इमारती उपयोगी पडल्या. जो भूखंड आज भरायचा नाही, तो झाडं लावून, कुंपण घालून, मालकी स्वतःकडे ठेवून राखा. त्यातली वाहिनीची जोडणी बंद करा पण उखडू नका.

पहिला गट भरल्यावर दोन वर्षांनी त्याच गल्लीत परत जाऊन तीच चार मोजमापं घ्या: रिकामी घरं, विक्री, थकबाकी, राहणारे मालक. सोबत नव्या घरांतल्या प्रत्येक कमावत्या माणसाला कामावर जायला लागणारी खरी मिनिटं विचारा आणि तुम्ही कागदावर काढलेल्या मिनिटांशेजारी लिहा. फरक २० मिनिटांच्या वर असेल तर पुढच्या गटाची जागा निवडण्याआधी रोजगाराचा नकाशा पुन्हा काढावा लागेल.